जुना छंद परत धरावा की सोडून द्यावा? (तिकिटं आणि पक्षी)

सेमिनरीहिल्सवाला (धागा):
शाळेपासून पोस्टाची तिकिटं जमवायचो. मग इथे नागपुरात गोरेवाड्याच्या तलावावर पक्षी बघायची चटक लागली, रविवार तिकडे जाऊ लागले आणि अल्बम कपाटात गेले. या पावसाळ्यात ते परत काढलेत. माझं मत असं की नवा नाद लागला म्हणून जुना टाकू नये, पण दिसेल ते गोळा करायची पूर्वीची हावही नको. एक काळ धरावा, बाकीचं बांधून माळ्यावर टाकावं. मी १९४७ ते १९५२ एवढंच बघणार. २१ नोव्हेंबर १९४७चं साडेतीन आण्याचं ‘जय हिंद’ आहे, १५ ऑगस्ट १९४८च्या चार गांधी तिकिटांपैकी तीन आहेत. (चौथं १० रुपयांचं. त्याचा भाव बघता ते स्वप्नातच बरं.)

धंतोलीकर:
काहून बाप्पा? मन उडालं तं उडालं. छंद म्हणजे काही आरडी नव्हे, की मधले हप्ते चुकले म्हणून जीव खावा. पावसानं वाट चिखलाची झाली म्हणून तुम्हाला अल्बम आठवला. हिवाळ्यात बदकं आली की तो परत कपाटात. द्या एखाद्या पोट्ट्याला आणि मोकळे व्हा.

सदरबाजार:
विका म्हणणारेही येतीलच, म्हणून आधीच सांगतो. अलीकडची कोरी तिकिटं छापील किमतीलाही कोणी आनंदानं घेत नाही, लाखांनी छापलेली असतात. पैशाच्या आशेनं कपाट उघडू नका.

खामलाकाकू:
मनाचं राहू द्या, आधी डिंकाची बाजू बघितली का? आपल्याकडे मार्चअखेरपासून पाऊस येईस्तोवर कूलर धडधडत असतो आणि कपाट त्याच खोलीत. त्या ओलसर हवेत तिकिटाच्या मागे तपकिरी ठिपके पडतात. जमवणारे त्याला ‘रस्ट’ म्हणतात, पण ती बुरशी असते आणि शेजारच्या तिकिटाला लागते. चिमट्यानं एकेक उचलून उजेडात धरा, डाग दिसला की वेगळं काढा. अल्बम एकावर एक रचू नका, उभे ठेवा, नाही तर दाबानं कोरी तिकिटं पानाला चिकटतात. म्हणून ‘बांधून माळ्यावर’ हे मला बिलकूल पटलं नाही. बांधलेलंच सगळ्यात आधी सडतं. ठेवायचं असेल तर अधूनमधून उघडायला लागेल, नसेल जमत तर धंतोलीकर म्हणतात तसं देऊनच टाका.

सेमिनरीहिल्सवाला:
काकू, माळ्याचा बेत रद्द. डागाळलेली निघालीच आहेत, बहुतेक खालच्या अल्बमातली.
धंतोलीकर, हंगामी म्हणून हिणवू नका. नवरंग पक्षीसुद्धा आपल्या विदर्भात पावसाच्या तोंडावर येतो आणि नंतर निघून जातो, त्याला कोणी टाइमपास म्हणत नाही. आणि मधली वर्षं वायाही गेली नाहीत. १९७५च्या पक्ष्यांच्या संचात नवरंग आहे. पूर्वी मी त्या तिकिटाच्या कडेचे दाते मोजायचो, आता आधी शेपटीखालचा लाल रंग बघतो. शाळेत हे तिकीट माझ्यासाठी नुसतं ‘रंगीत चिमणी’ होतं.

धंतोलीकर:
राजेहो, १९५२ची हद्द आखली होती नं? धागा दुसऱ्या पानावर जायच्या आत तुम्ही १९७५वर!

सेमिनरीहिल्सवाला:
तो एकच संच अपवाद.

सदरबाजार:
पक्षीतज्ज्ञ सालीम अलींचं १९९६चं तिकीटही असेलच की. ते कोणत्या अपवादात बसवता?

खामलाकाकू:
बसवा कुठेही, पण पाऊस सुरू असेपर्यंत नवं काही पानात लावू नका. हवा कोरडी होऊ द्या, डिसेंबरात लावा.

धंतोलीकर:
डिसेंबरात हे गोरेवाड्याला असतील, काकू.