सोसायटी ग्रुप: सी विंगचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय

डी ७०२: नमस्कार मंडळी, सी विंगमधला रीसेलचा २ बीएचके घेतलाय त्याची किल्ली काल हातात आली, आता भाड्याने द्यायचाय. एजंट म्हणतो २४ हजार आरामात येतील, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट नोटरी करून टाकू, रजिस्टर करायच्या भानगडीत पडू नका. कोणाचा अनुभव?

ए ३०४: नोटरीच्या नादी लागू नका दादा. ११ महिने असलं तर रजिस्टर नको हे आपल्या महाराष्ट्रात चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हेच भाड्याचं करारपत्र, लेखी आणि रजिस्टरच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नाही केलं तर ५ हजारांपर्यंत दंड नाहीतर ३ महिन्यांपर्यंत कैद, दोन्हीही होऊ शकतं. पण खरी गोची पुढे आहे, वाद झाला तर भाडेकरू म्हणेल त्याच अटी खऱ्या धरतात, खोट्या आहेत हे तुम्ही सिद्ध करायचं

डी ७०२: बापरे. खर्च किती येतो ताई?

ए ३०४: २४ हजार भाडं, ७२ हजार डिपॉझिट, २ वर्षं धरा. सगळं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १०% व्याज धरून जी रक्कम येते तिच्या पाव टक्का स्टँप ड्युटी, म्हणजे दीड हजाराच्या आसपास, वर १ हजार रजिस्ट्रेशन. अंगठा घ्यायला माणूस घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. रजिस्टर असलं की मुदत संपूनही माणूस हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि तोपर्यंत दुप्पट भाडं मागता येतं. पोलीस व्हेरिफिकेशन पण करा, ऑनलाईन होतं

बी १०१ काका: ७०२, फ्लॅट कितीला पडला?

डी ७०२: ८० लाख काका, ६० लोन आहे, हप्ता ५२ हजार

बी १०१ काका: मग बसा जरा. वर्षाचं भाडं २ लाख ८८ हजार. मेंटेनन्स साडेतीन हजारांनी ४२ हजार गेले. प्रॉपर्टी टॅक्स १४ हजार धरतो, जुन्या मालकाच्या बिलावर जाऊ नका, तो स्वतः राहत होता म्हणून त्याला पुणे मनपाची ४०% सवलत होती, भाड्याने दिला की ती जाते. एक महिना रिकामा जाणारच, २४ गेले. एजंटला एक महिन्याचं भाडं दर दोन वर्षांनी, म्हणजे वर्षाला १२. उरले १ लाख ९६ हजार, ८० लाखांवर अडीच टक्के पण नाहीत आणि अजून रंग नाही, नळ नाही, गीझर नाही

डी ७०२: पण इन्कम टॅक्समध्ये लोनच्या व्याजाची सूट मिळते ना

बी १०१ काका: नवी रिजीम घेतली असेल तर व्याज भाड्याच्या उत्पन्नातूनच वजा होतं, त्यावरचा तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या रिजीममध्ये २ लाखांपर्यंत होतो. ३०% सरसकट वजावट दोन्हीकडे आहे पण मेंटेनन्सची वेगळी मिळत नाही, त्या ३०% मध्येच सगळं आलं. घेतलाय तर ठेवा, पण भाड्यातून हप्ता निघेल ही आशा सोडा, दरमहा २८ हजार खिशातूनच जाणार आणि मेंटेनन्स वर

सेक्रेटरी: ७०२, एक सूचना. बॅचलर ठेवायचे नाहीत, ठेवलेच तर महिन्याला २ हजार एक्स्ट्रा लागेल, कमिटीत ठरलंय

ए ३०४: कमिटीत ठरून नाही चालत हो साहेब. नॉन ऑक्युपन्सी चार्जेसला, म्हणजे मालक स्वतः राहत नसला की सोसायटी जे जादा घेते त्याला, १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने मर्यादा आहे, सर्व्हिस चार्जेसच्या (वॉचमन, ऑफिस वगैरे खर्च) १०%, अख्ख्या मेंटेनन्सच्या नाही. बॅचलर असो की फॅमिली, रेट एकच. आणि सख्खी लेक लग्न होऊन तिथे राहायला आली तर तेही लावता येत नाहीत

सेक्रेटरी: मग रात्री दोन वाजता गच्चीत गाणी लावतात ते कोणी बघायचं? तुम्ही येता का खाली?

सी ६०५: सेक्रेटरी साहेबांचं तेवढं बरोबर आहे पण गच्चीला कुलूप लावा की, दोन हजाराने आवाज कमी होतो का 😄

सी ६०५: माझा पण एक प्रश्न. आमचा फ्लॅट मुलाच्या नावावर आहे, तो न्यू जर्सीला असतो, नवीन भाडेकरू म्हणतो मी टीडीएस, म्हणजे भाड्यातून आधीच इन्कम टॅक्स, कापणार. भाडं फक्त ३० हजार आहे, ५० च्या आत कापायचा नसतो ना?

बी १०१ काका: ती ५० हजारांची मर्यादा मालक इथला असेल तर. एनआरआय, म्हणजे परदेशात राहणाऱ्या मालकाला मर्यादाच नाही, पहिल्या रुपयापासून ३०% आणि वर सेस. भाडेकरूला टॅन नंबर (टॅक्स कापून भरणाऱ्याला लागतो तो) काढावा लागतो, म्हणून बरेच जण असा फ्लॅट बघून परत जातात. तुमचा कापतोय म्हणजे शहाणा आहे, सोडू नका. मुलगा रिटर्न भरून जास्तीचा परत मागेल

डी २०४: मी भाडेकरू आहे, बोललं तर चालेल का

ए ३०४: बोला की

डी २०४: आधीच्या घरी तीन वर्षं राहिलो, सोडताना मालकांनी रंगाचे म्हणून ४० हजार डिपॉझिटमधून कापले. भिंतीला टीव्हीची चार भोकं आणि किचनच्या टाइल्सवर चिमणीखाली पिवळा डाग, बाकी काही नाही. बिल मागितलं तर म्हणे पेंटर बिल देत नाही. ७०२ दादा, किल्ली देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, दोघांकडे ठेवा, आणि रंगाचे किती कापणार ते अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहा

डी ७०२: हे पटलं. एक महिन्याचं भाडं रंगाला असं लिहू का?

डी २०४: तीन वर्षं राहिलेल्याला ते पण जड जातं हो, वर्षाच्या आत सोडलं तर कापा, नंतरचा रंग मालकाचा

बी १०१ काका: 👍 रास्त आहे

सेक्रेटरी: ठीक आहे, २ हजारांचा विषय रविवारच्या मीटिंगला घेतो. ७०२, अ‍ॅग्रीमेंटची कॉपी आणि पोलीस व्हेरिफिकेशनची पावती ऑफिसला द्या, पार्किंगचा स्टिकर त्याशिवाय मिळणार नाही

डी ७०२: देतो साहेब. ताई, रजिस्टर करणाऱ्याचा नंबर?

ए ३०४: पर्सनलवर टाकते