गल्लीतला काँक्रीट रस्ता पातळ निघाला. तक्रार करावी का, आणि नेमकी कशी?

उपनगरवासी

नमस्कार मंडळी. पुण्याच्या एका उपनगरातली आमची गल्ली, साधारण १२० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद. मार्चमध्ये सार्वजनिक निधीतून तिचं काँक्रीटीकरण झालं. कामाचा फलक शेवटपर्यंत लागला नाही. मुकादम "सहा इंची आहे" म्हणत होता. नंतर एका घराच्या नळजोडासाठी रस्ता आडवा कापला गेला, तेव्हा कापलेल्या कडेला स्टीलची टेप लावली तर ९५ ते १०० मिमी भरलं.

गल्लीत दोन तट आहेत. निम्मे म्हणतात, रस्ता झाला हेच खूप, नसती उठाठेव कशाला. ठेकेदाराचे नातेवाईकही इथेच राहतात, रोज समोरासमोर येणं आहे. दुसरीकडे व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने थेट 'चोर' असं लिहून ठेवलंय. मला या दोन्ही टोकांना जायचं नाही, पण गप्प बसणंही पटत नाही. तर विचारायचं आहे:

तक्रार करण्याइतका हा पुरावा पुरेसा आहे का? नसेल तर आणखी काय लागेल? आणि नाव उघड न होता हे करता येतं का?

मोजपट्टी

एका कापावरून अपहार झाला असं म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. तो काप रस्त्याच्या कडेजवळचा असेल तर तिथे जाडी कमी असू शकते. खालचा थर वर-खाली असला तरी एखाद्या ठिकाणी फरक पडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुकादम काय म्हणाला याला किंमत नाही. पूर्वगणनपत्रकातच (कामाच्या मंजूर अंदाजपत्रकात) १०० मिमी धरले असतील तर तुमच्या टेपने काम बरोबर झाल्याचंच सिद्ध होतं. म्हणून सगळ्यात आधी मंजूर जाडी किती, ते कागदावर मिळवा.

समजा मंजूर जाडी १५० मिमी निघाली. मग हिशेब सरळ आहे. १२० × ४ × ०.१५ म्हणजे ७२ घनमीटर काँक्रीट. तेच १०० मिमीने ४८ घनमीटर. फरक २४ घनमीटरचा. ६ घनमीटरच्या मिक्सर गाडीने माल आला असेल तर १२ गाड्या यायला हव्या होत्या, आल्या ८. जमिनीखालची जाडी दिसत नाही, गाड्या मात्र चलनावर (प्रत्येक गाडीसोबतच्या पावतीवर) असतात. प्रत्येक चलनावर तारीख, वेळ, गाडी क्रमांक, ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) आणि घनमीटर लिहिलेलं असतं. तीच गाडी दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा खाली झालेली दाखवली असेल, तर ते चलन नीट बघा. प्लांटपासून जाऊन-येऊन तेवढ्यात होत नाही.

दुसरी जागा म्हणजे मोजमाप पुस्तक, ज्यात अभियंता झालेल्या कामाची मापं लिहितो. त्यात लांबी, रुंदी, जाडी अशा रकान्यांत नोंद असते, खाली कनिष्ठ अभियंत्याची सही आणि तारीख. काँक्रीट पडण्याच्या आधीचीच मोजमापाची तारीख असेल, किंवा पूर्ण गल्लीभर जाडीचा एकच आकडा असेल आणि तो पूर्वगणनपत्रकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळत असेल, तर जागेवर न जाता नोंद केली का, असा प्रश्न विचारायला आधार मिळतो. हा अजून आरोप नाही.

तिसरी जागा क्यूब चाचणी, म्हणजे त्याच काँक्रीटचे ठोकळे भरून त्यांची ताकद तपासणं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ५१ घनमीटरच्या पुढे ४ नमुने, आणि त्यावरच्या प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी एक. म्हणजे ७२ घनमीटरला ५ नमुने, प्रत्येकात २८ दिवसांसाठी ३ क्यूब. अहवालातली क्यूब भरल्याची तारीख आणि चलनावरची तारीख एकच हवी. क्यूब पास असले तरी जाडीबद्दल त्यातून काहीच कळत नाही, हेही लक्षात ठेवा. "अहवाल चांगला आहे" या उत्तराने पुष्कळ लोक इथेच थांबतात.

शेवटची खात्री कोअर, म्हणजे यंत्राने रस्त्यातून कापलेला गोल नमुना, काढूनच. तो पालिकेच्या किंवा तिने नेमलेल्या प्रयोगशाळेच्या माणसांनी, तुमच्यासमोर, किमान तीन ठिकाणी: एक मध्यावर, बाकी दोन वेगवेगळ्या टोकांकडे. जाडी तिथेच मोजून पंचनाम्यात लिहून घ्या. ताकद तपासायची असेल तर तीन कोअरची सरासरी क्यूबच्या अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि एकेकटा कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. स्वतः पहार घेऊन रस्ता खोदू नका. विनापरवाना खोदाईचा ठपका तुमच्यावर येईल आणि मूळ विषय बाजूला पडेल.

नळजोडाचा काप अजून बुजवला नसेल तर आजच फोटो काढा: टेपचं शून्य खालच्या थराला टेकलेलं, शेजारच्या घराचा क्रमांक चौकटीत. तीन-चार ठिकाणी घ्या. बुजला की हा पुरावा गेला.

अर्ज_आणि_अपील

मोजपट्टी यांनी सांगितलेले कागद मिळवण्याचा रस्ता माहिती अधिकार अधिनियम, २००५. जोडपत्र 'अ' मधला अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. काम मुख्य खात्याने केलं असेल तर त्यांनी तो ५ दिवसांत तिकडे पाठवायचा असतो.

अर्ज फसतो तो भाषेमुळे. "रस्ता पातळ का केला?" असं विचारलंत तर "हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येईल, आणि ते नियमाला धरूनही असेल. कागद मागा, कारण मागू नका. साधारण असं लिहा:

"(गल्लीचं नाव, कुठून कुठपर्यंत) येथील काँक्रीटीकरणाच्या कामाबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती: पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, निविदेतील दोषदायित्व कालावधीचं (ज्या मुदतीत ठेकेदाराने दोष दुरुस्त करायचे तिचं) पान, मोजमाप पुस्तकातील या कामाच्या नोंदींची पानं, काँक्रीट पुरवठ्याची चलनं, क्यूब चाचणी अहवाल, त्रयस्थ तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल, अदा केलेली देयकं."

काम मार्चमधलं आहे म्हणून दोन्ही आर्थिक वर्षं लिहा. काम एका वर्षातलं आणि बिल पुढच्या वर्षातलं असं होतं, आणि एकच वर्ष लिहिलं की अर्धी फाइल "उपलब्ध नाही" होते. कारण सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. प्रतीला पानामागे २ रुपये.

३० दिवसांत उत्तर नाही, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील, तेही २० रुपये. मुदत उलटून मिळालेली माहिती फुकट द्यावी लागते, त्यासाठी पैसे मागितले तर कलम ७(६) दाखवा.

लोक एक हक्क वापरतच नाहीत. कलम २(ञ) मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं. शिवाय राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयाने सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायची सोय केली होती, ती तुमच्या कार्यालयात चालू आहे का ते विचारा. फाइल आधी डोळ्यांखालून घातली तर नेमकी कुठली पानं मागायची ते कळतं आणि शंभर पानांचा खर्च वाचतो. नकार मिळाला तर तो लेखी मागा.

नदीकाठ

माझं थोडं वेगळं मत आहे. आधी कनिष्ठ अभियंत्याला साधं पत्र देऊन "आम्हाला जाडी कमी दिसते, संयुक्त पाहणी करा" असं का म्हणू नये? समोरच्याला बोलायची संधी न देता कागद गोळा करणं हेही बरोबर नाही. माणसं कधी कधी खरंच चुकतात, आणि चूक दुरुस्त करायला तयारही असतात.

अर्ज_आणि_अपील

संधी द्यायलाच हवी, पण क्रम महत्त्वाचा. आधी पत्र दिलं आणि मोजमाप पुस्तकातली नोंद अजून व्हायची असेल, तर ती पत्र बघून होईल. आधी प्रमाणित प्रती हातात घ्या, मग दुसऱ्या दिवशी पत्र द्या. त्यात आकडे लिहा, कुणाचा हेतू लिहू नका. "मंजूर जाडी इतकी, अमुक ठिकाणी मोजली तेव्हा इतकी, तरी कोअर काढून तपासावे." उत्तर द्यायला त्यांनाही मग ठोस काहीतरी असतं. मला तरी यात अन्याय दिसत नाही.

मात्र एक घाई करा. अंतिम देयक निघायच्या आत, निदान ठेकेदाराची अनामत रक्कम परत जायच्या आत हे पत्र आवक क्रमांकासह पोहोचलं पाहिजे. अनामत साधारण दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत पालिकेकडे असते, ती मुदत निविदेत बघा. पैसे हातात असेपर्यंत खात्याला ठेकेदाराकडून काम परत करून घेणं सोपं जातं. पत्राच्या प्रती दक्षता विभाग आणि मुख्य लेखापरीक्षकांना द्या. तोंडी तक्रारीचा काही उपयोग नाही.

काळा_कोट

उपनगरवासी, नावाबद्दल स्पष्ट सांगतो. निनावी तक्रार सहसा पुढे जात नाही. जागल्यांच्या (गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणासाठी संसदेने २०१४ साली कायदा केला, पण तो अजून अमलात आणलेला नाही. २००४ चा केंद्राचा जनहित प्रकटीकरणाचा ठराव आहे, त्यात केंद्रीय दक्षता आयोग तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवतो, पण तो केंद्र सरकारच्या खात्यांपुरता. स्थानिक संस्थेच्या रस्त्याला लागू नाही. माहिती अर्जात घरचा पत्ता द्यायचा नसेल तर पोस्ट बॉक्स क्रमांक चालतो, कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसं म्हटलेलं आहे.

त्यामुळे खरं संरक्षण संख्येत आहे. माहितीचा अर्ज एकाने करावा, पण पत्रावर आठ-दहा घरांच्या सह्या घ्या. भीती उगाच नसते. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० ला हत्या झाली, ते मावळ भागातले जमीन व्यवहार बाहेर काढत होते. तुमचा विषय त्या पातळीचा नाही, पण एकट्या माणसावर दबाव आणणं नेहमीच सोपं. धमकी आली तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी द्या (भारतीय न्याय संहिता, कलम ३५१) आणि पोच घ्या.

आता तो ग्रुपवरचा 'चोर' शब्द. तो आजच काढायला सांगा. अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, कलम ३५६ च्या अपवादांत ती बसते. अडीचशे जणांच्या ग्रुपवर टाकलेला आरोप बसत नाही. शिवाय उद्या तपास झाला तर "आधीच दोषी ठरवलं होतं" म्हणून तुमची तक्रारच आकसाची ठरवायला समोरच्याला आयता कागद मिळतो.

फोटोचं: मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये आहे तिथेच ठेवा. व्हॉट्सअॅपवरून फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि तारीख-वेळेची माहिती गळते. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र लागेल, त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकी ठसा) द्यावं लागतं. मूळ फाइल नसेल तर ते प्रमाणपत्र देणं अवघड होतं.

सगळ्यात घसरडी जागा पुढे आहे. कुणीतरी चहाला बोलवेल आणि "अर्ज मागे घ्या, बघून घेऊ" म्हणेल. पैसे, गल्लीतल्या मंडळाला देणगी, स्वतःच्या घरासमोर फुकट ब्लॉक, यातलं काहीही घेऊ नका, आणि तुम्ही तर मागूच नका. तक्रारीच्या बदल्यात मागणी केली की ती न्याय संहितेच्या कलम ३०८ ची खंडणी होते. आणि त्याहून मोठं नुकसान असं की पुढच्या गल्लीतल्या खऱ्या तक्रारदाराकडेही लोक "हा किती घेणार" याच नजरेने बघतात. माहिती अधिकाराचं पुण्यात जे नाव आहे ते अशा प्रत्येक तडजोडीने खराब होतं. उलट एखाद्या लोकसेवकानेच काही काम करून द्यायला पैसे मागितले, तर देण्याआधी १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा. आणि नाइलाजाने द्यावे लागले असतील तर ७ दिवसांत कळवलं पाहिजे, नाहीतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही दोषी धरला जातो.

उपनगरवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. काप अजून उघडा आहे, आज संध्याकाळी फोटो घेतो. ग्रुपवरचा मजकूर काढायला त्या काकांना सांगितलं, त्यांनी काढला. सहा घरं सहीला तयार आहेत.

एक नवीन गोष्ट. ठेकेदाराकडून निरोप आलाय की "वाद नको, वरून दोन इंचाचा थर टाकून देतो." गल्लीतल्या बऱ्याच जणांना हे पटलंय. घ्यावं का?

मोजपट्टी

नाही. १०० अधिक ५० म्हणजे १५० होत नाहीत. जुन्या, वापरात आलेल्या पृष्ठभागावर धूळ आणि तेल बसलेलं असतं. तो न खरवडता, न धुता आणि बाँडिंग कोट (जुना-नवा थर चिकटवणारा लेप) न देता ५० मिमीचा थर टाकला तर तो खालच्याला धरत नाही. सूक्ष्म तडे जातात, पाणी आत शिरतं आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे निघतात. खाली सांधे कापले आहेत त्याच रेषेत वरही कापावे लागतात, ते सहसा होत नाही. शिवाय गल्लीची पातळी ५० मिमीने वर गेली की ज्यांच्या फाटकाचा उंबरा खाली आहे त्यांच्याकडे पाणी वळेल, आणि चेंबरची झाकणंही उचलावी लागतील.

आणि तो थर पडला की खालची जाडी मोजायची सोय संपली. दुरुस्ती कशी करायची हे ठेकेदार किंवा रहिवासी ठरवत नाहीत. कोअरचा निकाल बघून कार्यकारी अभियंत्याने ती पद्धत लेखी द्यायची, ठेकेदाराच्या खर्चाने. निरोप घेऊन आलेल्या माणसाला एवढंच सांगा की हे खात्याला लिहून द्या. त्याने लिहून दिलं, तर जाडी कमी होती हे त्याच्याच सहीने नोंदीवर येईल.