यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर: विंडोज ११ वर काटा बोलेना, कुठला ड्रायव्हर टाकू?

कासारीकाठ:
मंडळी, जरा घाईत आहे. गावच्या दूध संस्थेत संकलनाचा कॉम्प्युटर मी बघतो. जुना डबा परवा गेला. त्याला मागं नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट होता, वजनकाट्याची वायर थेट त्यात जायची. नवा लॅपटॉप विंडोज ११ चा, त्याला सिरीयल पोर्ट कुठला असायला! शहरातल्या एका दुकानातून यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर आणला. "लावा की चालू" म्हणाला. लावला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. सोबत ड्रायव्हरची छोटी सीडी आहे, पण लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. दोन दिवस वजनं हातानं टाकतोय. सकाळी सहाला किटल्या घेऊन रांग उभी असते. पुतण्या म्हणतो विंडोज काढून उबुंटू लिनक्स टाक. काय करू?

सोल्डरताई:
आधी कन्व्हर्टरच्या पोटात कुठली चिप आहे ते बघा, विंडोज कितवी हे नंतर. त्रिकोणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडीज. व्हीआयडीपुढे (चिपकंपनीचा नंबर) १ए८६ असेल तर बहुतेक सीएच ३४०, ०४०३ म्हणजे एफटीडीआय, १०सी४ म्हणजे सिलिकॉन लॅब्जची सीपी २१०२ वगैरे, ०६७बी म्हणजे प्रोलिफिकची पीएल २३०३. ड्रायव्हर त्या चिपकंपनीच्याच साइटवरून घ्या. 'फ्री ड्रायव्हर'वाल्या साइटवर गेलात तर नवरदेवाबरोबर अख्खी वरात घरात येते.

कासारीकाठ:
०६७बी आहे ताई. आणि नावाच्या जागी लांबलचक इंग्रजी: 'पीएल २३०३ एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज कॉन्टॅक्ट युअर सप्लायर'. सप्लायरला फोन केला. म्हणतो, आमच्या इथं चालतोय.

सोल्डरताई:
त्याच्याकडे जुनी विंडोज असणार. चिपची ती आवृत्ती २०१२ पासून बंद आहे, शिवाय तिच्या नकला बाजारात उदंड. नवा ड्रायव्हर चिप ओळखतो आणि काम करायला सरळ नकार देतो. तुमच्या वायरीत किंवा काट्यात खोट नाही.

तात्पुरता इलाज: अपडेट ड्रायव्हर, मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक'. यादीत जुनी आवृत्ती दिसली तर ती निवडा, बऱ्याचदा चालू होतं. पण विंडोज अपडेट एखाद्या रात्री गुपचूप नवा ड्रायव्हर परत बसवतं, आणि सकाळी सहाला रांग तुमच्याच दारात. मी असते तर कन्व्हर्टर बदलला असता. काट्याला काय, वजनाचे चार आकडे पाठवायचे असतात, सीएच ३४० चा स्वस्तातलाही पुरतो. एफटीडीआय घेणार असाल तर खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या त्यांच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा आयडी शून्य करून टाकला होता. ओरड झाल्यावर तो मागे घेतला.

आणि एक, चार पिना बाहेर आलेला, कमी व्होल्टेजचा उघडा टीटीएल बोर्ड घेऊ नका. काट्याकडून येणारा आरएस-२३२ (म्हणजे नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टचा) सिग्नल उणे-अधिक बारा व्होल्टच्या आसपासही असतो, बोर्ड जळेल. नऊ पिनांचा कनेक्टर असलेलाच घ्या.

टक्सोबा:
पुतण्याची बाजू घेतो. या चारही चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच असतात, टाकावं काहीच लागत नाही. ताईंनी मोडीत काढलेला कन्व्हर्टरसुद्धा तिथं बहुधा निमूट चालेल. दोन गोष्टी मात्र छळतात. आपला युझर 'डायलआउट' ग्रुपमध्ये (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांचा गट) नसेल तर पोर्ट दिसतो पण उघडत नाही. ग्रुपमध्ये घालून लॉगआउट करून परत आत यायचं. दुसरी, उबुंटू २२.०४ वर सीएच ३४० लावला की पोर्ट क्षणभर दिसून गायब. ब्रेल डिस्प्लेसाठीचा 'बीआरएलटीटीवाय' नावाचा प्रोग्राम त्याला आपलं यंत्र समजून बळकावतो. ब्रेल वापरत नसाल तर तो काढून टाका. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय.

पण दादा, संकलनाचं सॉफ्टवेअर विंडोजचं असेल तर उबुंटू टाकून काय पूजा करणार?

मॅकवाला_पुणे:
इथं मॅक कोणी विचारला नाही, तरी सांगून ठेवतो. मॅकओएसच्या मोजावे आवृत्तीपासून सीएच ३४० चा ड्रायव्हर मॅकमध्येच येतो. वरून चिपकंपनीचाही टाकलात तर कधीकधी एकाच कन्व्हर्टरचे दोन पोर्ट दिसतात आणि गोंधळ उडतो. नावात 'टीटीवाय' असलेला सोडून 'सीयू'वाला पोर्ट निवडायचा.

कासारीकाठ:
सीएच ३४० चा नवा आणला. ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून टाकला, त्रिकोण गेला, पोर्टला कॉम ७ हा नंबर आला. पण आमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम १ ते ४ एवढेच आहेत! आणि काटा अजून गप्पच.

सोल्डरताई:
नंबर बदलता येतो. पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड, तिथे कॉम ३ करा. 'इन यूज' म्हणालं तर व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवा आणि जुन्या कन्व्हर्टरच्या करड्या नोंदी अनइन्स्टॉल करा. यापुढे कन्व्हर्टर त्याच यूएसबी खाचेत लावायचा, नाहीतर सीएच ३४० नवा नंबर घेऊन बसतो.

मग काट्याची वायर काढा. कन्व्हर्टरच्या नऊ पिनांतल्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडा, स्टेपलरची पिन वाकवून घातली तरी चालते. पुटी (सिरीयल पोर्टशी बोलायचा प्रोग्राम) उघडून कॉम ३ वर काहीही टाइप करा. अक्षरं परत उमटली तर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर ठणठणीत. पुढं बघायचं ते वायर आणि बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग; तो दोन्हीकडे सारखा लागतो.

कासारीकाठ:
स्टेपलरची पिन घातली, 'म्हैस' टाइप करायला गेलो तर इंग्रजीतच उमटली, पण उमटली! बॉड रेट ९६०० ठेवला होता, काट्याच्या पुस्तिकेत २४०० निघाला. आज सकाळी पहिल्या किटलीचं वजन आपोआप पडलं. सीडी पुतण्याला दिलीय, शेतात पाखरं हाकायला.