मदत हवी आहे: एकच पट, तेच इंजिन, तरी वेळ दर वेळी वेगळी

नमस्कार मंडळी,

बुद्धिबळाच्या गाजलेल्या डावांतले पट इंजिनला (चाली शोधणाऱ्या प्रोग्रामला) देऊन ते नेमकी चाल किती वेळात शोधतं, याची वही ठेवतोय. १९३८ च्या बोत्विनिक–कापाब्लांकामधलं उंट ए३ लगेच सापडतं. घोडं अडलंय ते लिनारेस स्पर्धेतल्या १९९८ च्या टोपालोव–शिरोव डावावर.

काळ्याची ४७ वी चाल. पांढरा: राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२, एच४. काळा: राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. काळ्याची दोन प्यादी जास्त, पण उंट विरुद्ध रंगांचे, त्यामुळे डाव बरोबरीकडे झुकलेला वाटतो. इथे शिरोवने उंट थेट एच३ वर नेऊन देऊन टाकला! कितीदाही बघा, अंगावर काटा येतो. सगळा खेळ एका चालीचा आहे. काळ्या राजाला एफ५ वरून ई४ गाठायचंय, आणि त्याआधी पांढरा राजा ई३ ला पोचला की वाट बंद. उंट एच३ वर गेला की एफ५ मोकळं होतं, शिवाय जी२ वर मारा येतो. टोपालोवने उंट घेतला आणि ५३ व्या चालीनंतर डाव सोडला.

माझ्याकडे चार थ्रेडवर (एकाच वेळी चार समांतर शोध चालवून) ही चाल आधी पन्नास सेकंदांत आली. लगेच पुन्हा लावलं तर तीन सेकंदांत. इंजिन बंद करून नव्याने सुरू केलं तर साडेचार मिनिटं! वहीत काय लिहू? आणि चाल वर येते, पण गुण (कोण किती वरचढ, हा इंजिनचा आकडा) बराच वेळ हलत नाहीत. तिला ‘सापडली’ म्हणायचं का?

दुसरं, कास्पारोव–टोपालोव १९९९ मधलं २४ वं हत्ती घे डी४ (हत्तीने डी४ वर मारणं) परीक्षेला घ्यावं का?

प्रतिसाद:
तीन सेकंदांचं उत्तर हॅशमध्ये (इंजिन तपासलेले पट साठवतं त्या मेमरीत) उरलेलं होतं. दर वेळी हॅश रिकामी करा. थ्रेड एकच ठेवा. चार थ्रेड एकाच हॅशमध्ये लिहितात-वाचतात आणि कोण आधी पोचतो ते दर वेळी बदलतं. सेकंदांऐवजी नोड (इंजिनने तपासलेले पट) मोजा. मल्टीपीव्ही (इंजिनने किती उत्तम चाली दाखवायच्या तो आकडा) १ वरच असू द्या. तो वाढवला की एरवी मागे पडणारी उंट एच३ सुद्धा इंजिनला नीट तपासावी लागते आणि चाल उगाच लवकर सापडल्यासारखी दिसते. टेबलबेस (सातपर्यंत सोंगट्यांच्या पटांचे तयार निकाल) जोडलेत का, तेही नोंदवा. पटावर दहा सोंगट्या असल्या तरी पुढे मारामारीत सात उरतात.

गुण हलले नाहीत तर मी ‘सापडली’ म्हणत नाही. ४८ व्या चालीला पांढऱ्याने उंट न घेता राजा एफ२ केलं तर, ते खेळून बघा. राजा एफ५, राजा एफ३ नंतर उंट घे जी२ शह देतंय का? मग खरं.

कास्पारोवचा पट परीक्षेला नको. टोपालोवने हत्ती न घेता राजा बी६ केलं असतं तर काळा टिकत होता. चाल देखणी आहे, पण एकमेव उत्तर ठरत नाही. आणि इंजिनची ताकद जोखायची असेल तर डावच खेळवा. स्टॉकफिश इंजिनवाले प्रत्येक बदल हजारो डाव खेळवून तपासतात.

धागाकर्ता:
मनापासून आभार! हॅश रिकामी, थ्रेड एक. दोनदा लावलं, नोडचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत तोच. राजा एफ२ लाही उंट घे जी२ आलं. जुन्या सगळ्या नोंदी खोडल्या. एकच उत्तर असलेले एंडगेमचे पट कुणाकडे असतील तर इथे द्याल का?