नवीन आर-१५ की वापरलेली आरसी ३९०? सव्वादोन लाखात काय घेऊ?

पाचगावकर:
नमस्कार मंडळी. सहा वर्षं स्प्लेंडर पळवली, आता जरा वाकून चालवायची गाडी घ्यायची आहे. रोज कोल्हापुरात पाचगाव ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, आणि जमलं तर रविवारी गगनबावडा नाहीतर आंबोली. उंची पाच फूट सहा. हातात सव्वादोन लाख आहेत, कर्ज काढायचं नाही. (बाबांच्या ट्रॅक्टरचे हप्ते घरात अजून कुणी विसरलेलं नाही.)

पर्याय दोन. शोरूममधून नवी यामाहा आर-१५, कशीबशी बसते. नाहीतर नागाळा पार्कात एकाची केटीएम आरसी ३९० आहे, २०२० ची, १९ हजार किलोमीटर, एक लाख पंच्याऐंशी सांगतोय. इकडे इंजिनाची ताकद १८.४ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच), तिकडे ४३.५. डोकं फिरलंय. काय करू?

तांबडा_पांढरा:
भावा, यात विचारायचं काय? ३९०! मूठ पिळली की जाळ अन् धूर संगटच. आर-१५ काय, कॉलेजची पोरं घेत्यात.

घाटवेडी:
मी २०२२ पासून आर-१५ चालवते, तेव्हा कॉलेजच्या पोरांत मला धरा. पाचगावकर, स्प्लेंडरवरून एकदम ३९० वर उडी मारताय, हे आधी लक्षात घ्या. करूळ घाटात पावसात लाल चिखल रस्त्यावर आलेला असतो, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, त्यातल्या निम्म्यांना मागे रिफ्लेक्टर नाही. तिथे ४३ पीएसचा उपयोग कितीसा होणार? आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला एप्रिलमध्ये ३९० घेऊन थांबून बघा, रेडिएटरचा पंखा सुटला की मांड्या भाजतात. भावाची आहे, म्हणून सांगते.

दुसरं म्हणजे मनगटं. दोन्ही गाड्यांवर पुढे झुकावं लागतं. पहिल्या महिन्यात गोकुळ शिरगावहून घरी येऊन मला जेवताना घास उचलवत नव्हता. मग कळलं, मी सगळा भार हँडलवर टाकत होते. टाकी गुडघ्यांनी धरली की हात मोकळे राहतात. नवी घ्या, जुनी घ्या, पण सव्वादोनातले पंधरा हजार हेल्मेट, जॅकेट आणि हातमोज्यांचे, ते आधी बाजूला काढा.

स्पॅनर_उद्यमनगर:
ताईंचं बरोबर आहे, पण जुनी गाडी वाईटच असते असंही नाही. बघायला येत नसेल तर वाईट. वीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, जेवढं सुचतंय तेवढं सांगतो.

जाताना मालकाला सांग, इंजिन चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेव. गार असेल तरच स्टार्टर मार. टायमिंग चेनची खरखर पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत ऐकू येते, एकदा तेल वर चढलं की गाडी साधू होऊन बसते.

पडलीय का ते रंगावर जाऊ नको, फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लॅस्टिकचं कवच, नवी टाकता येते. हँडल पूर्ण डावीकडे वळव, मग उजवीकडे, आणि ते जिथं अडतं तिथला टेकू बघ. जोरात आपटलेल्या गाडीचा टेकू चेपलेला असतो नाहीतर उडालेला. रंग करणाऱ्याचं तिकडं लक्ष जात नाही. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरव, मधोमध खटका लागला तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, नळीवर बोट फिरव, तेल लागलं तर सील गेलं. टायरवर चार आकडे असतात, २३२० म्हणजे २०२० चा तेविसावा आठवडा. १९ हजार पळालेल्या ३९० ला मागचा टायर अजून पहिलाच असेल तर मला तरी पटणार नाही.

आता मुख्य मुद्दा. २०२० ची गाडी आणि नागाळा पार्क. जुलै २०२१ चा पूर आठवतोय ना? सीट काढ, बॅटरीच्या कप्प्यात टॉर्च मार, वायरिंगच्या जोडांत बघ. पुराचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो, दहा वेळा धुतला तरी कोपऱ्यात राहतो. या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आहे, ब्रेकचं एबीएस आहे. पाणी शिरलेली वायरिंग वर्षानुवर्षं गप्प बसते आणि मग एखाद्या पावसाळ्यात घाटात गाडी बंद पाडते.

कागदवाला:
गाडीतलं मला कळत नाही, कागदातलं सांगतो. २०२० च्या गाडीला नवी असताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा होता, तो आता संपला असणार. नवा काढताना ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीला वर्षाला २८०४ रुपये, १५० ते ३५० ला १३६६, हे २०२२ ला ठरलेले दर, जीएसटी वेगळा. मालक ‘पन्नास टक्के नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) आहे’ म्हणाला तर हसून सोडून द्या, बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून १४ दिवसांत आरटीओत द्या. कोरे सही केलेले फॉर्म घेऊन गाडी घरी आणायची, हा आपल्याकडचा लाडका उद्योग, तो करू नका. आरसी बुकवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बँकेचा बोजा असेल तर आधी उतरवून घ्या. निपाणी-बेळगावची गाडी स्वस्त दिसली तरी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा.

अजून एक. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यावरच्यांना ४०. म्हणून नवी आर-१५ उतरली, आणि जुन्या ३९० चे मालक ‘नवी किती महाग झाली बघा’ म्हणत भाव धरून बसलेत.

पाचगावकर:
जाऊन आलो. रविवारी सकाळी साडेसातला. इंजिनावर हात ठेवला, कोमट. मालक म्हणाला, आत्ताच दूध आणलं. डेअरी त्यांच्या गल्लीच्या तोंडाला, वीस पावलांवर. टेकू चांगला होता, फोर्क कोरडे. मग सीट काढली. बॅटरीखालच्या कोपऱ्यात नख फिरवलं तर राखाडी भुकटी निघाली. मी काही बोलायच्या आत त्याचे वडील दारातून म्हणाले, ‘पाणी सीटपर्यंत आलं होतं बाळा, पण सगळं करून घेतलंय.’ पोरानं त्यांच्याकडं असं बघितलं! चहा होईपर्यंत भाव दीड लाखावर आला. आता एक चाळीसला मागू काय?

स्पॅनर_उद्यमनगर:
नको. वडिलांना माझा नमस्कार सांग, गाडी तिथंच राहू दे.

तांबडा_पांढरा:
बरं, ३९० चा नाद सोड. पण आर-१५ नवीच कशाला? सुझुकीची गिक्सर एसएफ २५० बघितलीस काय? २६.५ पीएस, ऑइल कूल्ड (तेलानं गार होणारं इंजिन), आर-१५ पेक्षा कमी वाकावं लागतं. दोन-तीन वर्षं वापरलेली तुझ्या पैशात येऊन हेल्मेट-जॅकेटला उरतील. लोकं तिकडं बघत नाहीत म्हणून भाव पडलाय.

घाटवेडी:
तांबडा_पांढरा शहाण्यासारखं बोलले, तारीख लिहून ठेवा. मला पटतं. फक्त आधी दोन्हीवर अर्धा तास बसून बघा, मनगटं सांगतील.

पाचगावकर:
कागलमध्ये एक सापडली, २०२३ ची, एमएच ०९, ११ हजार किलोमीटर, बोजा नाही, विमा चालू. दीड लाख म्हणतोय. घर उंचावर आहे, पाणी चढायचा प्रश्न नाही, तेवढं मी आधीच विचारलं. शनिवारी सकाळी सातला जातोय. स्पॅनरदादा, येणार काय? मिसळ माझ्याकडे.

स्पॅनर_उद्यमनगर:
येतो. टॉर्च आण, पाने माझ्याकडं आहेत. मिसळ परत येताना.