औषध कारखान्यात ऑडिट ट्रेल आधी की कच्च्या मालाच्या ड्रमची तपासणी आधी?

एचपीएलसीवाला: सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम, डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालं, त्यात संगणकीकृत प्रणालींचाही विषय आहे. माझं स्पष्ट मत, छोट्या कारखान्यांनीही कागदी बॅच रेकॉर्ड (प्रत्येक बॅच कशी बनली याची नोंद) सोडावं. डिस्पेन्सिंगचं, म्हणजे बॅचसाठी मोजून काढलेल्या कच्च्या मालाचं, वजन आधी चिठ्ठीवर लिहायचं आणि शिफ्ट संपताना सुवाच्य अक्षरात रेकॉर्डमध्ये उतरवायचं, हे किती दिवस चालवणार? इलेक्ट्रॉनिकमध्ये काट्याचं वजन थेट नोंदतं. मर्यादेबाहेर गेलं की पुढची पायरी उघडतच नाही.

कागदीघोडा: चौघांना मिळून एक लॉगिन, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला. असल्या सिस्टिमची पडताळणी काय चाटायचीय? अशुद्धीची मर्यादा ०.२०% आणि चाचणीच्या आलेखात तिचं पीक (टोक) येतंय ०.२२%. मॅन्युअल इंटिग्रेशनमध्ये, म्हणजे पीकचं क्षेत्रफळ हाताने ठरवताना, बेसलाइन (पायाची रेघ) जराशी वर ओढली की ०.१९%, बॅच पास. ऑडिट ट्रेलमध्ये (कुणी, कधी, काय बदललं याची सॉफ्टवेअरमधली आपोआप नोंद) ते दिसतं, मान्य. पण बघतो कोण? क्यूए (गुणवत्ता हमी विभाग) छापील रिझल्टवर सही करून मोकळं.

एचपीएलसीवाला: बघायला मागे काही उरतं, हाच फरक. कागदावर पहिला क्रोमॅटोग्राम (चाचणीचा आलेख) फाडला की विषय संपला. आणि यातलं निम्मं काम फुकटात होतं: अ‍ॅडमिन हक्क क्यूसीकडून (तपासणी प्रयोगशाळेकडून) काढून आयटीला द्या, विंडोजचं घड्याळ बदलायची सोय बंद करा, डिलीटचा हक्क कुणालाच नको. बॅच सोडण्याआधी इंजेक्शनं, म्हणजे यंत्रात नमुना किती वेळा सोडला ते, मोजा. रजिस्टरमध्ये १४ आणि सॉफ्टवेअरमध्ये १६ असतील, तर जास्तीच्या दोनसाठी ‘ट्रायल’ नावाचा फोल्डर उघडून बघा.

थर्मल_पेपर: बॅकअप घेतात सगळे, रिस्टोअर करून कुणीच बघत नाही. तेवढं लिहून ठेवा.

ग्लायकोल: तुमचं भांडण प्रयोगशाळेच्या आत चाललंय. २०२५ साली मध्य प्रदेशात मुलं दगावली, त्या खोकल्याच्या औषधात डायइथिलिन ग्लायकोल हे विष ४८.६% निघालं. मर्यादा ०.१%. नमुना गॅस क्रोमॅटोग्राफवर (हे विष पकडणाऱ्या यंत्रावर) चढवलाच नाही, तर ट्रेल कशाचा राहणार? माझ्या मते छोट्या कारखान्याचा पहिला रुपया इथे जावा: प्रॉपिलीन ग्लायकोलच्या, म्हणजे सिरपच्या ज्या द्रावकात ही भेसळ होते त्याच्या, प्रत्येक ड्रमचा वेगळा नमुना. १० ड्रमचं मिश्रण करून तपासणं म्हणजे स्वतःला फसवणं. एका ड्रममध्ये ०.५% भेसळ असेल तर मिश्रणात ती ०.०५% दिसते, आणि सगळा माल पास.

एचपीएलसीवाला: मिश्रणाचा मुद्दा बिनतोड. पण प्रत्येक ड्रम तपासला हे पाळून कोण घेणार? निकाल येईपर्यंत सिस्टिममध्ये ड्रम क्वारंटाइनमध्येच, आणि डिस्पेन्सिंगला स्कॅनर त्याला घेतच नाही. कागदावर हिरवं ‘पास’चं लेबल चिकटवायला किती वेळ लागतो?

कागदीघोडा: बारकोड एकच छापून दहाही ड्रमांना लावला तर?

ग्लायकोल: लावतातही. म्हणून लॉटला नव्हे, ड्रमला क्रमांक हवा, ३/१०, ४/१० असा. आणि एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा स्कॅन झाला की काटा अडला पाहिजे. दुसऱ्यांदा लेबल छापायचं तर क्यूएची मंजुरी, कारणासकट. एवढं करणार असाल तर तुमच्या सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही, पण गॅस क्रोमॅटोग्राफ आधी घ्या.