ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली नववी-दहावीची मुले : दिवाळीनंतरची हजेरी कशी टिकवायची?

डोंगरपट्टा :
बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणी भागातल्या माध्यमिक शाळेसाठी विचारतो आहे. दसरा झाला की मुकादमांच्या (तोडणी मजुरांच्या ठेकेदारांच्या) गाड्या लागतात आणि दिवाळीनंतर हजेरीपटावर नुसत्या गैरहजेरीच्या खुणा उरतात. हंगामी वसतिगृहाची योजना मुळात आठवीपर्यंतच्या मुलांसाठी बेतलेली आहे. त्यामुळे नववी-दहावीची मुले एक तर फडावर (ऊसतोड चालते तिथे) जातात किंवा आजीजवळ राहतात, आणि राहिलेलीही जानेवारीपर्यंत गप्प गप्प, वर्गात पेंगणारी होतात. काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की हजेरी भरून द्यावी, निदान लेकरू बोर्डाला तरी बसेल. हे बरोबर आहे का? शिवाय दहावी झाल्यावर प्रवेशाचे अर्ज भरायला घरी कोणीच नसते. कुठून सुरुवात करावी?

हजेरीपट :
सर, आधी हिशेब मांडा. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तर बोर्डाला बसायला लागणारी ७५ टक्के हजेरी म्हणजे १६५ दिवस. बुडवायला जागा फक्त ५५ दिवसांची. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सुट्ट्या वगळून सत्तरच्या आसपास दिवस भरतात. म्हणजे जून ते ऑक्टोबर एकही दिवस न चुकवलेले मूल फडावर गेले तरी ७५ टक्क्यांच्या खाली येते. हा हिशेब फळ्यावर मांडून पालकांना दाखवा. 'शाळा बुडवू नका' याने काही होत नाही, पण '५५ दिवस' हा आकडा लक्षात राहतो.

दसऱ्याला पालकसभा घेऊन उपयोग नाही. उचल (मुकादमाकडून आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घेतलेली असते आणि घरात किती कोयते (तोडणीच्या जोड्या) निघणार हे तेव्हाच ठरते. सभा पोळ्याच्या आत घ्या, तीही संध्याकाळी वस्तीवर किंवा तांड्यावर. प्रत्येक घराला तीनच प्रश्न विचारून वहीत लिहून ठेवा : मूल रात्री कुठे झोपणार, स्वयंपाक कोण करणार, आणि अडचण आली तर गावात कोणाला हाक मारायची. तिन्हींची उत्तरे नसतील तर ते मूल जाणार असे समजून त्याच दिवशी वसतिगृहाच्या मागे लागा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ पासून आहे. मुलामुलींची वेगळी वसतिगृहे आणि प्रत्येकी १०० ची क्षमता असा तिचा आराखडा आहे. तुमच्या तालुक्यातले सुरू आहे का, जागा किती, हे समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारा. मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाची चौकशी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करा. सप्टेंबर उलटला की दोन्हीकडे उशीर झालेला असतो.

आजीजवळ राहणाऱ्यांचे बहुतेकदा रेशनवर अडते. कार्डावर मुलाचे नाव हवे आणि ई-केवायसीचा अंगठा आईवडील जाण्यापूर्वी झालेला हवा. आजीच्या बोटांचे ठसे घासलेले असतात, मशीन घेत नाही, मग धान्य अडते आणि मूल कामाला लागते. धान्याचा काही भाग आईवडिलांना कारखान्याच्या गावीही उचलता येतो. मात्र सगळे धान्य तिकडेच उचलले तर इथे पिशवी रिकामी राहते. किती तिकडे आणि किती इकडे, हे त्या सभेतच बोलून घ्या.

खोटी हजेरी मात्र देऊ नका. पटावर हजर दिसणारे मूल वसतिगृहाच्या यादीत येत नाही, स्थलांतरितांच्या मोजणीत येत नाही, आणि पुढच्या वर्षी 'आमच्याकडे स्थलांतर नाही' असा कागद तयार होतो. तळावर (मजुरांच्या मुक्कामी) मुलीला काही झाले तर पटावर ती वर्गात बसलेली असते. शाळा सुटलीच असेल तर १७ नंबरचा अर्ज (खाजगीरीत्या बोर्डाला बसण्याचा) हा खरा मार्ग आहे. पण त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. जानेवारीत आठवून काही हाती लागत नाही.

पटाशेजारी एक साधी वही ठेवा आणि गैरहजेरीचे कारण एका अक्षरात लिहा : का म्हणजे काम, भा म्हणजे लहान भावंड, आ म्हणजे आजार, ए म्हणजे एसटी चुकली. महिनाभरात चित्र दिसू लागते. ऑक्टोबरात 'का' वाढला तर ती कापसाची वेचणी असते आणि ती थोड्याच दिवसांची असते. 'भा' वाढला तर मुलगी बहुधा आईबरोबर जाणार आहे, कारण कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) धाकटे सांभाळायला कोणीतरी लागते. ते धाकटे गावच्या हंगामी वसतिगृहात गेले की थोरली आपोआप सुटते. थोरलीला वाचवायची सुरुवात पुष्कळदा अशी धाकट्यापासून होते.

शाळेतली ताई :
पेंगण्याबद्दल लिहिते. पोषण आहार आठवीला संपतो, हे आपण विसरतो. नववीतले मूल तेच, भूक उलट वाढलेली, आणि दुपारचे ताट मात्र बंद. आजीकडे सकाळी भाकरी झाली तर ठीक, नाही तर ते मूल संध्याकाळपर्यंत कोरडेच. डब्याकडे रोज नजर टाका. डबा न आणणाऱ्या मुलांची नावे वर्गात घेऊ नका. शालेय व्यवस्थापन समितीकडून गूळ-शेंगदाणे, उकडलेले हरभरे असे काही ठरवा आणि ते सगळ्या वर्गाला द्या. निवडक मुलांना दिले तर ती मुले ते खात नाहीत.

लोहाच्या निळ्या गोळ्यांचा इथेच संबंध येतो. आठवड्याला एक गोळी, तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. ती रिकाम्या पोटी दिली की मळमळते, आणि मग मुली गोळी खिडकीबाहेर टाकतात. जेवणाच्या सुट्टीनंतर, समोर पाणी ठेवून द्या. शौच काळी होते हे आधीच सांगा, नाही तर घाबरून बंद करतात.

दहावीचे जादा तास ही दुसरी अडचण. सकाळी सातचा तास म्हणजे पाणी भरून, भाकऱ्या थापून निघणाऱ्या मुलीला तो मिळतच नाही. संध्याकाळी सहाला सोडले तर शेवटची एसटी गेलेली असते. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मुलांना भाड्याच्या एक तृतीयांशात मिळतो, पण गाडीच नसेल तर पास नुसता खिशात. थांबेनिहाय मुलांची संख्या आणि शाळा सुटण्याची वेळ लिहून आगार व्यवस्थापकांना जूनमध्येच अर्ज द्या, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. तोवर जादा तास दुपारच्या सुट्टीला लागून घ्या.

आईवडिलांशी बोलणे हे निम्मे औषध आहे. ते पहाटे फडात शिरतात. त्यामुळे फोन रात्री आठच्या सुमारास, आठवड्यातून एक ठरलेला वार, आणि आधी मूल बोलणार, मग शिक्षक. तक्रारीसाठी हा फोन वापरू नका, नाही तर पुढच्या वेळी तो उचलला जाणार नाही. मूल महिनाभर हसत नाही, जेवत नाही, मरणाचे बोलते असे दिसले तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असते, तिथे स्वतः सोबत जा.

मुलीचे लग्न ठरल्याची कुजबूज आली तर लग्नाच्या दिवसाची वाट पाहू नका. १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवा. गावपातळीवर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. वयाचा पुरावा म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांनी लगेच द्यावा. आणि लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर शाळेत बसून मिटवायची नसते. पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

डोंगरपट्टा :
पोळ्याच्या आतल्या सभेचे पटले, यंदा तसेच करू. दहावीनंतरचे कोणी सांगेल का? परीक्षा संपली की मुले थेट फडावर जातात, पट्टा पडल्यावरच (कारखान्याचा हंगाम संपल्यावरच) परततात.

दाखला-उतारा :
सर, ही सगळी तयारीही सप्टेंबरातच करायची, कारण आईवडिलांच्या सह्या आणि कागद तेव्हाच हाताशी असतात. जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र नववीतच काढून घ्या. उत्पन्नाचा दाखला मात्र आर्थिक वर्षापुरता असतो, ३१ मार्चनंतर नवा लागतो. नॉन-क्रिमीलेअरची मुदतही तपासा. गेल्या वर्षीचे कागद घेऊन मूल खिडकीपाशी उभे राहते आणि राखीव जागेवरचा हक्क खुल्या गटात जातो, असे दर जूनमध्ये घडते.

दुसरी गोम मोबाइलची. प्रवेशाच्या अर्जाला जो क्रमांक देता त्यावर ओटीपी येतो. वडिलांचे सिम फडावर, त्यात रिचार्ज संपलेला, म्हणून अर्ज अर्ध्यात अडकतो. गावात राहणाऱ्या आणि मुलाचा विश्वास असलेल्या नातेवाइकाचा क्रमांक द्या. लॉगिन आणि पासवर्ड मुलाच्या वहीत लिहा, सायबर कॅफेवाल्याकडे ठेवू नका. बँक खाते मुलाच्या नावाचे आणि आधारला जोडलेले हवे. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती मिळालेल्यांना बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण नूतनीकरण दर वर्षी करावे लागते. ते राहून गेले की पैसे थांबतात.

निवडीचे म्हणाल तर 'कोणती शाखा' हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा : राहणार कुठे आणि कमाई कधी हवी? दोन वर्षांत हाताला काम हवे असेल तर आयटीआय. वेल्डर, कोपा (संगणकाचा ट्रेड) एक वर्षाचे. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे. दोन वर्षांचा ट्रेड झाला की पॉलिटेक्निक पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट उघडते. पदविका तीन वर्षांची आहे आणि तिथून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. ज्या मुलीला नर्सिंगला जायचे आहे तिला बारावी लागतेच, हे दहावीतच सांगा. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावी मिळते आणि पुरवणी परीक्षा पुढच्या दोन-तीन महिन्यांतच असते. निकालाच्या दिवशी हे सांगायला कोणी नसते, म्हणून मूल पुन्हा कोयत्याकडे जाते.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींसाठी एक बारीक अट आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून (कॅप) झालेला हवा. 'फेऱ्या कशाला, थेट या' असे सांगणाऱ्या संस्थेत व्यवस्थापन कोट्यातून नाव घातले की ही सवलत जाते. फेरीत यादी भरताना एसटीने पोहोचता येईल किंवा वसतिगृह असेल अशीच महाविद्यालये वर ठेवा. आणि मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला की मूल गाडीत बसायच्या आधी निकालाची साइट, अर्जाचे लॉगिन आणि परतायचा दिवस, एवढे त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या.